कपल शिकवण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

यंदा पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स तुझ्याकडे आलं हे वाचून फार आनंद झाला. मुलं ‘कपल म्हणजे समान, समांतर, विरुद्ध दिशेची दोन बलं’ एवढं पाठ करून पुढे पळतात, ही तुझी तक्रार अगदी रास्त आहे. माझं ऐकशील तर व्याख्या नंतर सांग. आधी वर्गात चाकाचे दोन पाने घेऊन जा, एक एल आकाराचा आणि एक क्रॉस पाना.

छोट्या गाडीचा नट आवळायला साधारण 100 न्यूटन-मीटरचा पीळ (बल गुणिले अंतर) लागतो असं धर. क्रॉस पान्यावर दोन हातांत 0.4 मीटर अंतर. एका हाताने 250 न्यूटन खाली, दुसऱ्याने तेवढेच वर, की झाले 100. एल पान्याचा दांडा 0.4 मीटरचा असेल तर एकाच हाताच्या 250 न्यूटनमध्येही 100 मिळतात. पण तिथे ते 250 न्यूटन नटावर येऊन बसतात. शिवाय आपला हात नटाच्या पातळीत नसतो, थोडा बाहेर असतो, म्हणून तेच बल पान्याला तिरकं करतं आणि पाना घसरतो. क्रॉस पान्यात दोन बलांची बेरीज शून्य, नटाला नुसता पीळ. पाना नटापासून कितीही बाहेर आलेला असो, पीळ तेवढाच. हा फरक मुलांच्या हातांना कळू दे, प्रत्येकाला एकदा तरी आवळायला लाव.

मग फळ्यावर एकच ओळ. प्रत्येक बल ब, दोन बलांमधलं अंतर अ. बाहेरचा कुठलाही बिंदू घे, जवळच्या बलापासून क्ष अंतरावर. दूरच्या बलाचा मोमेंट, म्हणजे त्या बिंदूभोवती फिरवण्याचा जोर, ब × (क्ष + अ), जवळच्याचा उलट दिशेने ब × क्ष. वजाबाकी केली की क्ष उडून जातो, उरतं ब × अ. बिंदू कुठलाही घ्या, उत्तर तेच! इथे घाई करू नकोस. 1803 साली फ्रान्समध्ये गणितज्ञ लुई प्वांसोने आपली स्थितिकी, म्हणजे तोललेल्या बलांचं शास्त्र, याच कल्पनेवर उभी केली. कपलला एका बलाने तोलता येत नाही, त्याला दुसरं कपलच लागतं.

समतुल्य बलप्रणालीसाठी, म्हणजे एका बलाच्या जागी तोच परिणाम करणारी दुसरी बलं मांडायला, मी नेहमी कारखान्याच्या शेडमधला कॉलम घेतो. त्याच्या ब्रॅकेटवर क्रेनचा गर्डर टेकलेला, भार 80 किलोन्यूटन, कॉलमच्या अक्षापासून 0.35 मीटर बाहेर. अक्षावर 80 वर आणि 80 खाली अशी जोडी घाल. जोडीची बेरीज शून्य, म्हणजे काहीच बदललं नाही. आता अक्षावरचं वरच्या दिशेचं 80 आणि ब्रॅकेटवरचं 80 मिळून 28 किलोन्यूटन-मीटरचं कपल झालं आणि अक्षावर 80 खाली उरले. छपराचे 200 मिळवले की 280. खाली फुटिंगशी, म्हणजे कॉलमच्या पायाशी, हेच उलटं वाच: 28 भागिले 280, म्हणजे 0.1 मीटर. सगळा भार जणू मध्यापासून दहा सेंटिमीटर सरकून उतरतोय. फुटिंग त्या दिशेला 1.5 मीटर असेल तर मधला तिसरा हिस्सा मध्याच्या दोन्ही बाजूंना 0.25 मीटर. भार त्याच्या आत आहे, तेव्हा एकही कड उचलली जाणार नाही. बल सरकवणं कशासाठी शिकायचं, हे मुलांना इथे दिसतं.

आता एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांग, कारण ती आपल्याला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. ही समतुल्यता बाहेरून बघणाऱ्यासाठी, आणि वस्तू कडक आहे, वाकत नाही, असं धरून. 6 मीटरची बीम दोन टेकूंवर ठेव, तिच्यावर 12 किलोन्यूटन-मीटरचं कपल कुठेही लाव. एका टेकूवर 2 किलोन्यूटन वर, दुसऱ्यावर 2 खाली. कपल सरकवलं तरी आकडे ढिम्म हलत नाहीत. पण बीमच्या पोटात काय चाललंय ते बघ. कपल मधोमध असेल तर वाकवणारा मोमेंट जास्तीत जास्त 6, आणि टेकूला खेटून असेल तर पुरे 12. टेकूंना दोन्ही सारखं, सळया किती घालायच्या ते मात्र बदललं. टेकूंच्या प्रतिक्रिया काढताना हवं तर कपल सरकव, पण बीम कापून आत बघायची असेल तर जिथलं तिथे ठेव, असं बजावून सांग.

पाने माझ्याकडे आहेत, शनिवारी येऊन घेऊन जा. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
अविनाश