"आमच्याकडे सगळे घरचेच" हे पुरेसं नाही

मा. संपादक,
स. न.

मुलांच्या सुरक्षेवर तुमच्याकडे येणारी पत्रं मी इथे बर्मिंगहॅमला ऑनलाइन वाचते आणि त्यातलं एक वाक्य सारखं खटकतं, "आमच्याकडे सगळे घरचेच आहेत." हेच वाक्य मी स्वतः तोंडाने बोललेय म्हणून लिहितेय.

आमचा मराठीचा वर्ग दर शनिवारी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मीटिंग हाऊसमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या जागेत भरतो, खोली भाड्याने मिळते. पहिल्यांदा फॉर्म द्यायला गेले तर तिथल्या बाईंनी आधी विचारलं, तुमची सेफगार्डिंग पॉलिसी, म्हणजे मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम, कुठेयत, शिकवणाऱ्यांचे डीबीएस चेक झालेत का, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदी तपासल्यात का. मला रागच आला, १४ पोरं आणि आम्ही त्यांच्या मावश्या-काकू, आमची कसली तपासणी! मी म्हटलं सगळे घरचेच आहेत हो. त्या म्हणाल्या, आमच्या माणसांनाही हेच लागू आहे, आणि मला चहाच्या कपाटाशेजारचा बोर्ड दाखवला. त्यावर सेफगार्डिंग बघणाऱ्या दोघांचे फोटो, नावं, फोन नंबर, आणि तो कागद लावलेला मुलांच्या उंचीवर.

क्वेकर म्हणजे १७व्या शतकात जॉर्ज फॉक्सने सुरू केलेला पंथ. इथे त्यांच्यात पाद्री नाही, तासभर गोल करून गप्प बसायचं आणि कुणाला आतून वाटलं तरच उठून बोलायचं. प्रत्येकात देवाचा अंश आहे असं मानतात. १९४७चं शांततेचं नोबेल यांच्याच संस्थांना मिळालं, आपल्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाचं काम केलेल्या मार्जरी साईक्स पण क्वेकरच. एवढी भली माणसं, तरी मुलांच्या खोलीत एकटा मोठा माणूस ठेवत नाहीत, दोघं लागतात म्हणजे लागतातच.

त्यांच्या सभेत मतदान नसतं, सगळ्यांना पटेपर्यंत थांबतात, कधी विषय पुढच्या महिन्यावर जातो. पण कुणी आपल्याशी वाईट वागलं असं एखादं मूल बोललं तर हे थांबणं बंद. ऐकणाऱ्याने खोदून खोदून विचारायचं नाही, कुणाला सांगणार नाही असं वचन द्यायचं नाही, मुलाच्या शब्दात लिहून त्याच दिवशी सेफगार्डिंग बघणाऱ्या को-ऑर्डिनेटरकडे द्यायचं, आणि धोका समोर दिसत असेल तर सरळ पोलीस. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, कारण आपली मंडळं नेमकी इथेच अडकतात, आधी अध्यक्षांना विचारू, मग बैठक घेऊ, मग बघू.

अशा गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसालाही ते दार बंद करत नाहीत, पण लेखी करार होतो, कुठे बसायचं, सोबत कोण असणार, मुलांच्या खोलीकडे फिरकायचं नाही. आणि हे फक्त मुलांपुरतं नाही. एकट्या राहणाऱ्या, विसरायला लागलेल्या आजींना गाडीतून आणणारा, त्यांचं बँकेचं बघणारा माणूस एकच असेल तर तिथेही दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष हवं, मग तो कितीही चांगला असो.

२०२१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या इथल्या स्वतंत्र समितीने ३८ धार्मिक संस्था तपासून अहवाल दिला. तक्रार पुढे येण्यातल्या त्यात आलेल्या अडचणी म्हणजे मुलालाच दोष, घराण्याची लाज, धर्मगुरूचा दबदबा, आणि "माफ कर" असा आग्रह. वाचताना एकही ओळ मला परकी वाटली नाही.

आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२चा पॉक्सो कायदा आहे, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवायलाच हवं, गप्प बसला तर शिक्षा आहे. पण संस्कारवर्ग, आश्रम, सुट्टीतली निवासी शिबिरं चालवणाऱ्या किती जणांना हे माहितेय? तुमच्या बातमीदारांनी या मे महिन्यातल्या शिबिरांना एवढंच विचारावं: मुलाने कुणाला सांगायचं त्याचं नाव, नंबर आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तुमच्या भिंतीवर कुठे लावलंय, आणि ते ८ वर्षांच्या पोराला दिसतं का? उत्तरं जशी येतील तशी छापा, प्लीज.

आपली,
एक वाचक आई, बर्मिंगहॅम