बर्फातले विषाणू कोणाला लागतात, तेही छापा

महोदय,

ध्रुवांवरचा बर्फ वितळतो आहे आणि त्यात 'हजारो वर्षे झोपलेले विषाणू जागे होणार', अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतला सुमारे 30,000 वर्षांपूर्वीचा महाकाय पिथोव्हायरस 2014 साली पुन्हा क्रियाशील झाला, हे खरे. पण तो अमिबाला लागतो. 2016 मध्ये सायबेरियातल्याच यामाल द्वीपकल्पात रेनडिअर मेले, माणसे आजारी पडली, ती अँथ्रॅक्सने. अँथ्रॅक्स हा जिवाणूचा रोग. विषाणूचा तिथे काही संबंध नाही. राहिले ते बर्फात आणि थंड पाण्यात कोटींनी सापडणारे विषाणू. ते बहुतांश फाज असतात, म्हणजे जिवाणूंना लागणारे विषाणू. बातमीत त्यांचे नावही नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आर्क्टिकच्या समुद्री बर्फात मिलिलिटरमागे 90 लाख ते 13 कोटी विषाणू असल्याची मोजणी 1994 सालीच प्रसिद्ध झाली आहे. समुद्राचे पाणी गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकात मावत नाही. ते बाहेर ढकलले जाते आणि बर्फातल्या केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये दाट खारे पाणी साठते. उणे 10 अंश सेल्सिअसला त्याची क्षारता समुद्राच्या चौपट होते. जिवाणू आणि फाज दोघेही त्याच नळ्यांत दाटीवाटीने अडकतात. थंडीने हालचाल मंदावते, पण जागाच इतकी कमी उरते की दोघांची गाठ पडण्याची शक्यता खालच्या पाण्यापेक्षा शेकडो पटींनी वाढते.

यातला चांगला अभ्यासलेला फाज म्हणजे आर्क्टिकच्या समुद्रातला '9ए'. त्याचा यजमान कोलवेलिया सायक्रएरिथ्रिया हा जिवाणू. या जिवाणूच्या थरावर फाज 9ए उणे 6 ते 4 अंशांदरम्यान प्लाक देतो, म्हणजे जिवाणू मेल्याची स्वच्छ वर्तुळे उमटतात. द्रव माध्यमात तर उणे 12 अंशांवरही त्याची वाढ नोंदली गेली आहे. गंमत अशी, की जिवाणूला स्वतःला 8 अंश उत्तम मानवतात, पण 4 च्या वर फाजचे प्लाक उमटत नाहीत. माणसाच्या 37 अंशांच्या शरीराचे सोडाच, गोव्यातल्या नळाच्या पाण्यातही याचे काही चालायचे नाही. शिवाय फाजच्या शेपटीला चिकटण्यासाठी त्या ठरावीक जिवाणूचा पृष्ठभागच लागतो. आपल्या पेशींवर तो नसतो.

मग यांचे महत्त्व काय? अंटार्क्टिकाच्या गोड्या तळ्यांत एक जिवाणू फुटला की सरासरी चारेकच फाज बाहेर पडतात. समुद्रांत हा आकडा वीस-पंचवीसच्या घरात असतो. मात्र कोणत्याही क्षणी लागण झालेल्या जिवाणूंचे प्रमाण या तळ्यांत चांगलेच जास्त असते. फुटलेल्या पेशीतला कार्बन वरच्या भक्षकाच्या पोटात न जाता पाण्यात विरघळतो आणि उरलेले जिवाणू त्यावर जगतात. अन्न इतके तुटपुंजे असलेल्या पाण्यात ही मोठी उलाढाल आहे. बातमीने बोलायला हवे होते ते याबद्दल.

अंटार्क्टिकातले मैत्री, भारती आणि आर्क्टिकच्या स्वालबार्ड बेटांवरचा हिमाद्री या भारतीय तळांचे काम वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालते, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. पण फाज शोधण्याची 37 अंशांची पाठ झालेली पद्धत इथे जशीच्या तशी वापरली, की 'नमुन्यात फाज नाहीत' असा निष्कर्ष निघतो आणि तो फसवा असतो.

पहिली चूक बर्फ वितळवतानाच होते. समुद्री बर्फ नुसता वितळवला तर नळ्यांतल्या दाट खाऱ्या पाण्यात राहिलेले जिवाणू एकदम जवळजवळ गोड्या पाण्यात सापडतात आणि फुगून फुटतात. म्हणून गाळलेल्या, मीठ वाढवलेल्या थंड समुद्रपाण्यात बर्फाचे तुकडे टाकून 1 ते 4 अंशांवर, अंधारात, रात्रभर ठेवायचे. नंतर 0.2 मायक्रॉनच्या, प्रथिने कमी धरणाऱ्या गाळणीतून गाळायचे. यात मोठे फाज अडकतात, हा तोटा पत्करावा लागतो. नुसती मोजणी करायची असेल तर नमुना तळावरच 0.5 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या नमुना टिकवणाऱ्या औषधात 15 ते 30 मिनिटे थंड ठेवून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि उणे 80 वर साठवायचा. औषध घालून नुसता फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यातले विषाणू काही दिवसांतच लक्षणीय घटतात. मग मोजणी कितीही काटेकोर केली तरी आकडा खोटाच.

दुसरी चूक अगरची, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढवतात त्या जेलीची. प्लाकसाठी खाली दीड टक्का अगरचा थर आणि वर जिवाणू मिसळलेला मऊ थर देतात. वरचा अगर पातळ राहावा म्हणून नेहमी 45 ते 48 अंशांवर ठेवतात. कोलवेलियाला हे म्हणजे उकळते पाणीच! थर जमतो, पण त्यात जिवंत काही उरत नाही. त्याऐवजी 26 ते 30 अंशांना गोठणारे अगारोज (अगरचाच शुद्ध केलेला प्रकार) घ्यावे, ते तिशीच्या जरा वर पातळ ठेवावे, बर्फात ठेवलेले जिवाणू अगदी शेवटी मिसळावेत आणि लगेच ओतावे. प्लेट फार गार असेल तर थर पसरण्याआधीच गुठळ्या होतात. ओतता ओतता प्लेट फिरवायची सवय करावी लागते. मिसळण्याआधी फाज आणि जिवाणू कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या माध्यमात तासभर बर्फावर एकत्र ठेवावेत.

पुढे हवा तो धीर. प्लाक दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत. एक ते तीन आठवडे लागू शकतात. तोवर प्लेटा सुकू नयेत म्हणून ओलसर टिश्यूसह पिशवीत बांधून ठेवाव्यात. घरगुती फ्रिज चालत नाही. दार उघडझाप झाले की आतले तापमान 4 च्या वर जाते आणि 9ए सारख्याचे प्लाक तिथेच हुकतात. हवेचे बुडबुडे आणि मिठाचे खडे हुबेहूब प्लाकसारखे दिसतात, हेही ध्यानात ठेवावे. खात्री करायची तर दहापटीने पातळ करत जाऊन थेंब टाकावेत. खरा फाज असेल तर पुढच्या थेंबांत सुटी सुटी वर्तुळे येतात; जिवाणूंनीच सोडलेले विष असेल तर डाग फक्त फिकट होत जातो.

यापुढे अशी बातमी देताना तो विषाणू कोणाला लागतो आणि किती अंशांवर क्रियाशील राहतो, एवढ्या दोन ओळी तरी छापाव्यात. आणि सोबत काटेरी गोळ्यासारख्या करोनाचे चित्र नको. आजवर अभ्यासलेल्या बहुतेक फाजना डोके आणि शेपूट असते.

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, मडगाव