रविवारची सायकल राइड: गिरणारे, काश्यपी धरण

मंडळी, येत्या रविवारी पहाटे साडेपाचला नाशिकचा गंगापूर नाका. पावणेसहाला निघणारच, मागच्या वेळेसारखी कुणाची वाट पाहणार नाही. जाऊन-येऊन ४५ किमीच्या आसपास.

गिरणाऱ्यापर्यंत रस्ता निवांत आहे. पुढे धोंडेगावकडे चढउतार सुरू होतात, तिथे गिअर आधीच हलका करा. ऐन चढावर साखळी उतरली की सगळी रांग खोळंबते.

सध्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू आहे. ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचवायचा असतो, त्यामुळे क्रेट भरलेले पिकअप आणि ट्रॅक्टर आपल्याच वेळेला रस्त्यावर असतात. बागेतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची ओली माती वळणावर सांडलेली असते. तिथे पुढचा ब्रेक दाबू नका. एकामागे एक चाला, गप्पा चहाच्या टपरीवर. बागेत फवारणीचा ब्लोअर दिसला तर रुमाल नाकावर आणि सरळ पुढे.

फोटोसाठी बागेत शिरू नये, घडाला हात तर नाहीच. तसाही शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा. तोंडात टाकून निराशाच होते.

हेल्मेट, मागचा लाल दिवा, जादा ट्यूब, दोन बाटल्या पाणी सक्तीचं. बाभळीचे काटे आहेत, म्हणून पंपही घ्या. परतताना वाइन टेस्टिंगला थांबायचं असेल त्यांनी सायकल गाडीवर टाकून नेण्याची सोय आधी करावी. पिऊन सायकल चालवायची नाही.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्री आठपर्यंत नाव कळवा.