गोचीड कुत्र्यावर कमी, चिऱ्यात जास्त

महोदय,

ऐन श्रावणात आमच्या मोत्याने दोन दिवस पेजेला तोंड लावलं नाही. पावसात कुत्री मलूल होतातच, म्हणून आम्ही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी हिरड्या उचलून पाहिल्या, तर पांढऱ्याफटक. गोचीडताप, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप! डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा चार आठवड्यांचा कोर्स पुरा केला आणि मोत्या वाचला.

आमच्याकडे गोचिडांवर रॉकेल चोळतात. आंब्याच्या कलमांवरच्या फवारणीचं औषध कुत्र्यावर मारणारेही पाहिलेत. त्याने कातडी जळते, चाटलं की विष पोटात. आणि गोचीड राहतेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरून भिंतीतल्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) सांध्यांत, पडवीच्या वाशांत हजारांवर अंडी घालते. म्हणून सांधे सिमेंटने बुजवावेत, कुत्र्याचं गोणपाट वरचेवर बदलावं आणि अंगावरचं औषध डॉक्टरांनाच विचारून लावावं. ताप दिसला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते.

लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून आणि त्याने दूषित पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस कुत्र्यांसाठी असते, दरवर्षी घ्यावी लागते. उंदीर आणि साचलेलं पाणी आपल्या दारातलंच आहे, आणि हा रोग माणसांनाही होतो.

आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींची सोय आहे, पण कुत्र्याचं रक्त तपासायला पन्नास किलोमीटर जावं लागलं. पावसाळ्याचे चार महिने तरी आठवड्यातून एक दिवस ही तपासणी तालुक्यातच व्हावी.

– एक वाचक, देवगड