आधी शोषखड्डे उपसा, मग आम्हाला पत्रकं वाटा

प्रति,
मा. महापौर महोदया,
फिनिक्स खोऱ्यातील आमचे उपनगर, ॲरिझोना

स. न. वि. वि.

वस्तीतले सगळे शोषखड्डे, म्हणजे पावसाचं साठलेलं पाणी जमिनीत मुरवणारे खोल खड्डे, १५ जूनच्या आत साफ होतील, असं आपण एप्रिलच्या सभेत सांगितलं होतं. आता जुलै सुरू आहे. वस्तीतलं पावसाचं पाणी उतरतं त्या मुलांच्या मैदानात चार दिवसांपूर्वीच्या वादळाचं पाणी अजून उभं आहे आणि मैदानाकडेच्या घरांच्या गॅरेजमध्ये चिखल आहे. असं साठलेलं पाणी ३६ तासांत जिरलं पाहिजे, हा नियम इथलाच आहे. २०२१ साली याच मॅरिकोपा काउंटीत डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल तापाची जी साथ आली, तेवढी मोठी साथ अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही एका काउंटीत आलेली नाही. डास आठवडाभरात तयार होतात. आपल्याला हे माहीत असायला हवं.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे. मराठीत अशासाठी लिहितो आहोत, की इथे नव्याने घर घेतलेल्या आपल्या मंडळींनाही घराच्या कुंपणापर्यंत काय करायचं आणि कुंपणापलीकडे कुणाला जाब विचारायचा, हे कळावं.

कारण तुम्ही पाठवलंत ते फक्त एक पत्रक: 'वादळासाठी तयार राहा.' तयारी लोकांनी मे महिन्यातच केली. कौलं पाणी अडवतात असं नवख्यांना वाटतं. अडवतो तो कौलांखालचा डांबरी कागद, आणि इथल्या उन्हात तो २०-२५ वर्षांत कुजतो. तो तपासून झाला. एसीच्या निचऱ्याच्या नळीतून जूनच्या कोरड्या हवेत जेमतेम थेंब येतो, त्यामुळे आतला शेवाळी चिकटा लक्षात येत नाही. जुलैत हवा दमट झाली की नळी तुंबते आणि माळ्यावरून छत गळायला लागतं. नळीत आधीच व्हिनेगर ओतून ती मोकळी करायची असते. तेही केलं.

भिंतीच्या गिलाव्याच्या तळाशी छिद्रांची एक पत्र्याची पट्टी असते. गिलाव्यात शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं, म्हणून ती मातीच्या निदान ४ इंच वर उघडी हवी. शोभेची खडी दरवर्षी वरून ओतली की पट्टी गाडली जाते, पाणी आत मुरतं आणि वाळवीला वाट मिळते. लोकांनी भर उन्हात ती खडी उकरून बाजूला केली. मेस्किटच्या झाडाला बुंध्याशीच ठिबक लावलं तर मुळं वरच्या वर पसरतात आणि वाऱ्यात झाड मुळासकट आडवं होतं. नळ्या फांद्यांच्या कडेखाली सरकवल्या, फांद्या विरळ केल्या, एका वेळी चौथाईहून कमीच. वाळूची पोती अर्ध्याहून थोडी जास्त भरली (गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि मध्ये फट राहते), तोंडं दुमडून खाली दाबली, प्लास्टिकवर सांधे मोडून रचली. ती वाळूही अनेकांनी विकत आणली, कारण तुमच्या मोफत वाटपातली पोती पहिल्याच दुपारी संपली.

आणि मग पाणी आलं ते मैदानातून. पोत्यांवरून.

मैदानातल्या शोषखड्ड्यावरची जाळी उचलून बघा. पालो वर्देच्या झाडांची पिवळी फुलं, कापलेलं गवत आणि गाळ यांचा घट्ट थर हाताला लागेल. इथल्या जमिनीत कॅलिची हा चुनखडीचा टणक थर आहे, त्यातून पाणी मुरत नाही. म्हणूनच तो थर भेदून शोषखड्डा खोल नेतात. वरच्या टाकीत गाळ बसतो, निवळलेलं पाणी खालच्या खडीतून जमिनीत जातं. टाकी वेळेवर उपसली नाही की गाळ थेट खडीत उतरतो आणि खडी बुजते. मग उपसून भागत नाही, नवा खड्डा पाडावा लागतो. गाळ उपसायची गाडी पाठवण्याचे पैसे वाचवून तुम्ही त्याच्या कितीतरी पट खर्च ओढवून घेताय.

विचारायला गेलं की शहर म्हणतं, मैदान रहिवासी संघटनेचं. संघटना म्हणते, रस्त्यावरून येणारं पाणी शहराचं. कर एकाला, वर्गणी दुसऱ्याला, आणि चिखल आमच्या घरात! बांधकामाला परवानगी देताना शोषखड्ड्याचा नकाशा तपासून शिक्का मारता. दहा वर्षांनी तो खड्डा पाणी पितो का, हे बघायला कोण येतं? नवी वसाहत मंजूर करायला बैठका होतात, जुनीतला गाळ कुणाच्याच विषयपत्रिकेवर नसतो.

'अनपेक्षित पाऊस' हे कारण देऊ नका. ८ सप्टेंबर २०१४ ला फिनिक्समध्ये एका दिवसात ३ इंचांहून जास्त पाऊस पडला होता, वर्षभराच्या पावसाच्या जवळजवळ निम्मा. वादळी पावसाचा मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर, हे सरकारी हवामान खात्यानेच ठरवलेलं आहे. घराच्या नेहमीच्या विम्यात बाहेरून आत शिरलेलं पुराचं पाणी धरत नाहीत, आणि सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे लोकांना सावध करायची वेळ मेच्या मध्याआधीची. तुमचं पत्रक आलं जुलैत, आणि त्यात विम्याचा उल्लेखही नाही.

गाळ उपसणारी गाडी याच आठवड्यात पाठवा. जिथली खडी बुजली आहे तिथे नवा खड्डा कोणाच्या खर्चाने आणि कधी होणार, ते शहर आणि संघटना दोघांच्या सहीने लेखी द्या. प्रत्येक शोषखड्डा शेवटचा कधी उपसला, ती तारीख सगळ्यांना बघता येईल अशी जाहीर करा. उत्तर पुढच्या सभेच्या आत हवं आहे.

आपले,
वस्तीतले रहिवासी