वल्हवणाऱ्यांचीही नावे छापावीत

रविवारच्या पुरवणीतील, इंग्लंडमधल्या क्रोमर गावच्या जीवरक्षक बोटीचा तांडेल (बोटीचा प्रमुख) हेन्री ब्लॉग याच्यावरील लेख वाचला. तीन सुवर्ण व चार रौप्य पदके, ५३ वर्षांच्या सेवेत वाचवलेले ८७३ जीव. हे सारे थक्क करणारे आहे. मात्र त्याच्यासोबत बोटीत बसलेली माणसे लेखात कुठेच दिसली नाहीत, याचे वाईट वाटले.

पहिले सुवर्णपदक ज्या दिवसाचे, तो ९ जानेवारी १९१७ आठवावा. गावातले तरुण महायुद्धावर गेलेले. बोटीवर बरीचशी पन्नाशी उलटलेली मंडळी, आणि बोटीला इंजिन नव्हते. एका ग्रीक जहाजावरच्या १६ जणांना किनाऱ्याला आणून ती थकलेली माणसे स्फोटाने दुभंगलेल्या ‘फर्नेबो’ या स्वीडिश जहाजाकडे निघाली. वल्हवणाऱ्याची पाठ समोरून येणाऱ्या लाटेकडे असते. त्याला लाट दिसत नाही, तांडेलाच्या शब्दावर हात चालवायचे. पाच वल्ही मोडली, तीन वाहून गेली, बोट मागे फेकली गेली. दुसरी वल्ही घेऊन ते पुन्हा पाण्यात उतरले आणि ११ जणांना घेऊनच परतले.

पदके देणाऱ्या संस्थेने तेव्हा नाविकांनाही कांस्यपदके दिली. १९८१ मध्ये इंग्लंडमधल्याच पेनलीची ‘सॉलोमन ब्राउन’ ही जीवरक्षक बोट आठही जणांसह बुडाली, तेव्हाही तांडेलाला सुवर्ण आणि उरलेल्या सातही जणांना कांस्य मिळाले. संस्थेच्या नोंदीत ही माणसे आहेत. मग आपल्या लेखातून ती का गळावीत? या विषयावर पुन्हा लिहिताना क्रोमरच्या त्या वल्हवणाऱ्यांची नावे, चौकटीत का होईना, जरूर द्यावीत.

– एक वाचक, रत्नागिरी