खेळणं थांबवलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवरच सांगणार होतो. पण बाबा, तुम्ही गप्प झालात की मला पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. मी बास्केटबॉल खेळणं थांबवलंय. सोमवारी सही केली. याच क्लबमध्ये, आता सहायक प्रशिक्षक.

आई, लगेच डोळ्यांत पाणी नको. गुडघ्याची कूर्चा झिजलीय हे खरं, पण जिने चढतो, रात्री झोप लागते. कारण तेवढंच नाही. 11 वर्षांत 7 क्लब झाले, दर वेळी एकाच हंगामाचा करार. कुणी जायबंदी झालं की एजंटचा फोन यायचा, आणि मी बॅग भरायचो. बाकावर बसून बसून खेळ वाचायला मात्र शिकलो. आक्रमणात रिबाउंड मिळाला, म्हणजे हुकलेला बॉल रिंगवरून पुन्हा आपल्याच हाती आला, की शॉटचं घड्याळ 24 वर नाही, 14 सेकंदांवर येतं आणि पोरं घाईत शॉट टाकतात. मी बाकावरून ओरडायचो, "बाहेर काढ, पुन्हा मांड!" गेल्या महिन्यात टाइमआउटला कोचने पाटी माझ्याच हातात दिली. मिनिटभर तर वेळ असतो. मी दोन रेघा ओढल्या, एक स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवायची), एक कट (रिंगकडे झटकन पळायचं). आमचा सगळ्यात लहान गार्ड रिंगखाली एकटा सुटला आणि बॉल आत! माझ्या स्वतःच्या कुठल्याच बास्केटनंतर एवढं भरून आलं नव्हतं.

बाबा, तुमचा लाडका अमेरिकन खेळाडू, स्टीव्ह कर, आठवा. 1988 च्या NBA ड्राफ्टमध्ये, म्हणजे तिथल्या लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, 50 वा, 15 हंगामांत 6 संघ, बरेचदा बाकावरून उठून आलेला. 1997 च्या अंतिम मालिकेत जॉर्डनने पास दिला तेव्हा तो तयार होता. पुढे प्रशिक्षक म्हणून गोल्डन स्टेट संघाला 4 विजेतेपदं दिली. मी तेवढा मोठा होईन असं म्हणत नाही. पण मी हरून बाहेर पडलोय असं तुम्ही मनात आणू नका, एवढंच मागतो.

पगार थोडा कमी आहे, पण करार 3 वर्षांचा. घर मिळालंय, स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं, गादी कडक आहे. जेवतो वेळेवर. आई, ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे अजून तुझ्यासारखेच कोंबतो.

आणि बाबा, अंधार पडला तरी 100 फ्री थ्रो मोजायला तुम्ही रिंगखाली उभे राहायचात. मी दमलो की 90 च्या पुढे तुम्ही मुद्दाम दोन-तीन आकडे गाळायचात. मला कळायचं, पण कधी बोललो नाही.

आता माझं ऐका. रक्तदाबाची गोळी सकाळीच, चहाच्या आधी. तुम्हाला चक्कर आली होती हे मला ताईकडून कळावं? रागावलो नाहीये, घाबरलोय. आई, महिन्याच्या तपासणीला तू सोबत जा, त्यांना एकट्याने पाठवू नकोस.

मी पुढच्या महिन्यात आठवडाभर येतोय. माळ्यावरचा जुना बॉल मीच काढेन. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमचा,
बाळू